गिटारनिर्मितीतील बॉडीची पकड

गिटारनिर्मितीतील बॉडीची पकड म्हणजे गिटारचा मुख्य भाग घासताना, रंगवताना, वाळवताना आणि चकाकी देताना तो स्थिर धरून ठेवण्याच्या पद्धती होत. बॉडीला आकार देताना तिच्या कोणत्याही भागावर क्लॅम्प लावता येतो, कारण त्याची खूण पुढच्या घासकामात निघून जाते. अखेरच्या घासकामापासून मात्र परिस्थिती उलटी होते. हत्याराचा जोर सोसण्याइतकी पकड घट्ट हवी आणि तरीही दिसणाऱ्या एकाही पृष्ठभागाला तिचा स्पर्श होता कामा नये, अशी परस्परविरोधी गरज निर्माण होते. बहुतेक पद्धतींमागचे तत्त्व एकच आहे. वाद्य पूर्ण जोडल्यावर जी जागा झाकली जाणार आहे, तिथेच बॉडी धरावी.

हा विषय वरवर किरकोळ वाटतो. परंतु निसटलेली बॉडी, दबलेली कड किंवा ओल्या लॅकरवर उमटलेला बोटाचा ठसा यांमुळे अनेक दिवसांचे काम वाया जाऊ शकते. यंत्रावर काम करताना सैल पकडीमुळे कारागिराला गंभीर इजाही होऊ शकते.

पकडीसाठी उपलब्ध जागा

भरीव बॉडीच्या विद्युत गिटारमध्ये अशा झाकल्या जाणाऱ्या जागा बऱ्याच असतात. दांडी, म्हणजेच नेक, बसवण्यासाठी कोरलेली खाच ही त्यांतली सर्वांत महत्त्वाची. त्याखेरीज पिकअपसाठी आणि विद्युत भागांसाठी कोरलेल्या पोकळ्या, पिकगार्डखाली जाणारा पुढचा भाग, मागे दांडीच्या स्क्रूंखाली येणारी धातूची पट्टी आणि पट्टा अडकवण्याच्या बटणांची भोके यांचाही उपयोग होतो. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर या १९५४ मध्ये बाजारात आलेल्या गिटारमध्ये पुढच्या बाजूचा मोठा भाग पिकगार्डने झाकलेला असल्याने कारागिराला पुरेशी मोकळीक मिळते. गिब्सन कंपनीच्या १९५२ मधील लेस पॉल गिटारमध्ये पिकगार्ड लहान आणि पृष्ठभागापासून वर उचललेला असतो. तिथे पुढच्या बाजूला लपवायला जवळजवळ काहीच जागा नाही.

आकारही महत्त्वाचा ठरतो. सपाट फळीसारखी टेलिकास्टरची बॉडी टेबलावर पालथी किंवा उताणी, कशीही नीट बसते. स्ट्रॅटोकास्टरच्या मागच्या बाजूला पोटाजवळ आणि पुढच्या बाजूला कोपराजवळ लाकूड उतरते कापलेले असते. लेस पॉलची पुढची बाजू तर घुमटासारखी फुगीर कोरलेली असते. असे वाद्य पालथे ठेवल्यास ते मधल्या उंचवट्यावर डुगडुगते. म्हणून त्याखाली वाळूची पिशवी, घडी केलेले ब्लँकेट किंवा मध्ये पोकळी असलेली गादीदार चौकट ठेवतात.

घासकामातील पकड

घासकाम सामान्यतः ८० किंवा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरू होऊन १५०, १८० आणि २२० असे बारीक होत जाते. पुढच्या आणि मागच्या सपाट बाजूंसाठी क्लॅम्पची गरज बहुधा लागत नाही. टेबलावर रबरी जाळीदार चटई अंथरून तिच्यावर बॉडी ठेवली, तर घर्षण आणि बॉडीचे स्वतःचे वजन यांवरच ती स्थिर राहते. भरीव बॉडीचे वजन लाकडानुसार साधारण दीड ते अडीच किलोच्या आसपास असते. चटईवर मात्र आधीच्या जाड पेपरमधून सुटलेला एखादा कण राहिला, तर खालची घासून झालेली बाजू ओरखडली जाते. प्रत्येक नंबर बदलताना चटई झटकणे हे अनुभवी कारागिरांच्या अंगवळणी पडलेले असते.

सुतारकामाच्या टेबलावर भोके असतील, तर त्यांत लाकडी खुंट्या बसवून बॉडी त्यांच्यामध्ये अडकवता येते. खुंट्यांची तोंडे चामड्याने किंवा बुचाने मढवलेली असावी लागतात. आल्डर आणि बासवूड यांसारख्या मऊ लाकडांवर उघड्या खुंटीची खूण पटकन उमटते. लाकडाचे तंतू तुटले नसून केवळ दबले असतील, तर त्या जागेवर ओले फडके ठेवून गरम इस्त्री फिरवल्यावर वाफेने ते पुन्हा फुगतात. हा उपाय लाकूड कोरे असेपर्यंतच चालतो. रंग चढल्यानंतर त्याचा उपयोग नाही.

कडा आणि शिंगे घासणे हे खरे अवघड काम आहे. शिंगांच्या टोकांशी आणि कमरेच्या वळणावर लाकडाचे तंतू आडवे छेदलेले असतात. ओरखडे तिथे सर्वाधिक दिसतात आणि घासायला वेळही तिथेच सर्वाधिक लागतो. त्यासाठी बॉडी चारही बाजूंनी मोकळी असावी लागते. सर्वांत प्रचलित उपाय म्हणजे दांडीच्या खाचेत एक लाकडी पट्टी तात्पुरती बसवणे. सुमारे ४० ते ५० सेंटिमीटर लांबीची ही पट्टी दांडीच्याच स्क्रूभोकांतून मागून स्क्रू घालून आवळतात आणि तिचे दुसरे टोक व्हाइसमध्ये धरतात. बॉडी हवेत तरंगती राहते आणि कारागिराला तिच्याभोवती फिरता येते. या पट्टीचा आणखी एक फायदा आहे. खाचेच्या कडा घासकामात चुकून गोलसर होत नाहीत. त्या गोलसर झाल्या, तर दांडी बसवल्यावर तिच्या दोन्ही बाजूंना फट दिसते आणि ती भरून काढणे कठीण असते.

या पद्धतीची मर्यादा तरफेच्या नियमातून येते. व्हाइसपासून दूर असलेल्या बॉडीच्या टोकावर यंत्राने जोर दिला, तर तो अनेक पटींनी वाढून स्क्रूंच्या भोकांवर येतो. वारंवार असे झाल्यास भोके रुंदावतात. त्यामुळे जाड पेपरचे आणि यंत्राचे काम बॉडी टेबलावर असतानाच उरकणे आणि पट्टीवर केवळ हाताने ठोकळ्याला पेपर गुंडाळून करायचे बारीक काम ठेवणे अधिक शहाणपणाचे आहे. चक्राकार फिरणाऱ्या सँडरवर बॉडी एका हाताने धरून दुसऱ्या हाताने यंत्र चालवण्याची सवय अनेक नवशिक्यांना असते. यंत्र कडेवरून घसरल्यास ते थेट धरणाऱ्या हातावर येते.

घासकामातील धूळ हा स्वतंत्र धोका आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ मानवी कर्करोगास कारणीभूत घटकांच्या पहिल्या गटात ठेवली आहे. शिसवीच्या जातीतील अनेक लाकडांच्या धुळीने त्वचेची आणि श्वासाची ॲलर्जीही होते. पकड चांगली असेल, तर कारागिराला कामावर फार वाकावे लागत नाही आणि धूळ ओढणारी नळी योग्य जागी लावता येते. मास्कची गरज मात्र त्यामुळे टळत नाही.

रंगकामातील पकड

फवाऱ्याने रंग देताना बॉडी आडवी ठेवावी की टांगावी, याबाबत कारागिरांत दोन मते आढळतात. आडव्या पृष्ठभागावर लॅकर आपोआप समपातळीत पसरतो, पण त्यावर धूळही बसते आणि एका वेळी एकच बाजू रंगवता येते. टांगलेल्या बॉडीच्या सर्व बाजू एकाच फेरीत रंगवता येतात, पण थर जाड झाला तर ओघळ येतो. दांडीच्या खाचेतील पट्टी दोन्ही रीतींना उपयोगी पडते. रंगवताना ती मूठ म्हणून हातात धरता येते आणि नंतर तिच्या टोकाला ठोकलेल्या आकड्याने बॉडी टांगून वाळवता येते.

रंगकामातील पट्टी खाचेपेक्षा दोन्ही बाजूंनी एक-दोन मिलिमीटर अरुंद ठेवतात. पट्टी खाचेला घट्ट भिडलेली असेल, तर लॅकरचा पापुद्रा पट्टी आणि बॉडी या दोघांवर अखंड चढतो आणि पट्टी काढताना खाचेच्या कडेचा रंग टवके होऊन निघतो. असा पापुद्रा तयार झालाच, तर पट्टी ओढण्यापूर्वी धारदार पात्याने तो सांध्यावर कापून घेतात. मागच्या बाजूला स्क्रूंच्या डोक्यांखाली राहिलेली कोरी जागा पुढे धातूच्या पट्टीखाली झाकली जाते.

टांगलेली बॉडी हवेच्या झोताने गोल फिरू लागणे ही नेहमीची अडचण आहे. एकाच तारेऐवजी दोन आकडे वापरल्यास किंवा पट्टा अडकवण्याच्या खालच्या बटणाच्या भोकात तात्पुरता स्क्रू घालून तिथून दुसरी तार ताणल्यास ती थांबते. आकडा बॉडीचे वजन सहज पेलणारा असावा लागतो. ओल्या लॅकरसह जमिनीवर आपटलेली बॉडी बहुधा पुन्हा कोऱ्या लाकडापर्यंत घासावी लागते. नायट्रोसेल्युलोज लॅकर आणि त्याचे द्रावक अतिशय ज्वालाग्राही असल्याने टांगण्याची जागा ठिणगी, शेगडी आणि उघड्या विद्युत उपकरणांपासून दूर असणे आवश्यक आहे.

फेंडर कारखान्यातील खिळे

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या फुलर्टन येथील फेंडरच्या कारखान्यात १९५० च्या दशकात एक अगदी साधी पद्धत रूढ होती. बॉडीच्या पुढच्या बाजूला, पुढे पिकगार्डखाली किंवा धातूच्या पट्ट्यांखाली झाकल्या जाणाऱ्या जागी, तीन-चार छोटे खिळे अर्धवट ठोकले जात. फिरत्या पाटावर ठेवून आधी पुढची बाजू रंगवली जाई. नंतर बॉडी उलटी करून खिळ्यांच्या पायांवर उभी केली जाई आणि मागची बाजू व कडा रंगवल्या जात. ओला रंग कशालाही न लागता बॉडी त्याच खिळ्यांवर वाळत असे. रंगकाम संपल्यावर खिळे उपटून टाकले जात. भोके बुजवण्याची तसदी कोणी घेत नसे, कारण ती दिसणारच नव्हती.

लिओ फेंडर यांच्या एकूण रचनेशी ही पद्धत जुळणारी होती. त्यांची गिटार सुट्या भागांची होती. दांडी चिकटवलेली नसून चार स्क्रूंनी बसवलेली होती आणि विद्युत भाग एका पिकगार्डवर एकत्र जोडलेले होते. बॉडी आणि दांडी स्वतंत्रपणे रंगवता आल्यामुळेच बॉडीच्या पुढच्या बाजूला खिळे ठोकण्याइतकी सवलत मिळाली. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात दांडीच्या खाचेत पट्टी बसवून रंगवण्याची पद्धत तिथे आली आणि त्या दशकाच्या मध्यापर्यंत खिळे मागे पडले. जानेवारी १९६५ मध्ये कंपनीची मालकी सीबीएसकडे गेली, तोपर्यंत हा बदल झालेला होता.

कारखान्यात कोणाच्याही लेखी नसलेली ही भोके पुढे जुन्या गिटारींच्या बाजारात महत्त्वाचा पुरावा ठरली. मूळ रंग असलेल्या जुन्या फेंडर गिटारच्या किमतीत आणि नंतर पुन्हा रंगवलेल्या गिटारच्या किमतीत मोठी तफावत असते. खिळे रंगकामानंतर उपटले गेल्याने मूळ रंगाच्या बॉडीत भोकांच्या आत रंग नसतो, कोरे लाकूड दिसते. पुन्हा रंगवलेल्या बॉडीत ही भोके रंगाने भरलेली किंवा पूर्ण बुजलेली आढळतात. त्याचप्रमाणे पट्टीच्या काळातील गिटारमध्ये दांडीच्या खाचेत रंग न पोहोचलेला एक आयताकृती पट्टा दिसतो. जाणकार गिटारची दांडी उतरवून आणि पिकगार्ड उघडून प्रथम या खुणा पाहतात. अर्थात नवे भोक पाडणे फारसे अवघड नसल्याने केवळ त्यावरून निष्कर्ष काढला जात नाही. रंगाचा प्रकार, विद्युत भागांवरील तारीखदर्शक क्रमांक आणि दांडीच्या टोकावरील तारीख यांच्याशी त्या ताडून पाहाव्या लागतात.

चिकटवलेल्या दांडीची गिटार

गिब्सनच्या बहुतेक गिटारींमध्ये दांडी बॉडीला सरसाने चिकटवल्यानंतरच रंगकाम होते. तिथे खाच मोकळी राहत नाही, परंतु दांडी हीच मूठ बनते. दांडीच्या वरच्या टोकाला खुंट्यांसाठी पाडलेल्या भोकांत आकडा अडकवून संपूर्ण वाद्य टांगता येते. सरळ खाली लोंबणारे वजन हे टोक सहन करते. मात्र तेच टोक व्हाइसमध्ये आवळून बॉडीवर जोर देणे धोक्याचे आहे. गिब्सनच्या पारंपरिक रचनेत हे टोक मागे १७ अंशांनी कललेले असून ते एकाच लाकडातून कोरलेले असते. त्यामुळे लाकडाचे तंतू तिथे तिरके तुटलेले असतात, आणि टोकाचा सांधा मोडणे ही या गिटारींची प्रसिद्ध दुखापत आहे.

लेस पॉलसारख्या गिटारच्या कडेला पांढरी किंवा पिवळसर प्लास्टिकची किनार असते. रंगाचा फवारा देताना ती झाकण्याऐवजी नंतर धारदार पात्याने तिच्यावरचा रंग खरवडून काढण्याची पद्धत आहे. या कामाला दोन्ही हात लागतात आणि रंगाचा थर अजून पुरता कठीण झालेला नसतो. वाद्य मऊ गालिचा अंथरलेल्या टेबलावर किंवा कारागिराच्या मांडीवर ठेवून, इंचाइंचाने फिरवत हे काम केले जाते. इथे कोणताही क्लॅम्प हाताइतका उपयोगी पडत नाही.

पोकळ बॉडीची गिटार आणि लाखेची झिलई

अकूस्टिक गिटारच्या बॉडीची वरची फळी साधारण अडीच ते तीन मिलिमीटर आणि बाजूच्या पट्ट्या दोन मिलिमीटरच्या आसपास जाड असतात. अशा बॉडीला कमरेतून आडवा क्लॅम्प लावल्यास बाजू चिरण्याची किंवा सांधे उकलण्याची भीती असते. दांडी नंतर जोडायची असेल, तर आतल्या ठोकळ्याला स्क्रूने मूठ बसवतात. खालच्या टोकाचा ठोकळाही आधारासाठी वापरता येतो. हे दोन ठोकळे म्हणजे पोकळ बॉडीतील खऱ्या अर्थाने भरीव अशा दोनच जागा होत. फवाऱ्याचा लॅकर आत जाऊ नये म्हणून ध्वनिछिद्र पुठ्ठ्याच्या तबकडीने किंवा फोमने बंद करतात. काही कारागीर त्यासाठी छिद्रातून आत फुगा घालून तो फुगवतात. उपाय पोरकट दिसला तरी तो नेमका बसतो आणि काढताना कडेला धक्का लागत नाही.

स्पॅनिश परंपरेतील क्लासिकल गिटारची आधुनिक घडण अंतोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) यांच्या कामातून स्थिरावली. या परंपरेत बाजूच्या पट्ट्या दांडीच्या बुंध्यातच बसवतात. त्यामुळे बॉडी आणि दांडी घडणीपासूनच एक असतात. अशा गिटारवर बहुधा लाखेची झिलई, म्हणजे फ्रेंच पॉलिश, केली जाते. ती करताना दांडी बुचाने किंवा चामड्याने मढवलेल्या व्हाइसमध्ये हलकेच धरतात आणि बॉडीखाली गादी ठेवतात.

लाखेच्या झिलईला पकडीची वेगळीच अट आहे. स्पिरिटमध्ये विरघळलेली लाख कापडी बोंदरीने अतिशय पातळ थरांत चढवतात. बोंदरी पृष्ठभागावर थांबली, तर ती आधीच्या थराला चिकटून तो उपटते. म्हणून ती विमान उतरावे तशी सरकत टेकवायची आणि सरकतच उचलायची असते. त्यासाठी प्रत्येक कडेपलीकडे मोकळी जागा हवी. कडेवर क्लॅम्पचे तोंड असेल, तर बोंदरी तिथे अडखळते आणि डाग पडतो. ताज्या लाखेवर हाताच्या उबेनेही ठसा उमटत असल्याने अनेक कारागीर आधी मागची बाजू आणि कडा, तर सर्वांत शेवटी पुढची बाजू पुरी करतात.

चकाकी देताना

लॅकर पूर्ण वाळल्यावर तो ६०० ते २००० नंबरच्या पेपरने पाण्यात घासून मग चकाकी आणली जाते. पाण्याने घासताना पकडीपेक्षा भोकांची काळजी अधिक घ्यावी लागते. स्क्रूच्या भोकात पाणी शिरल्यास तिथले लाकूड फुगते आणि भोकाभोवती लॅकरला बारीक तडे जातात. भोकांत मेण भरणे किंवा तात्पुरते स्क्रू तसेच ठेवणे हा त्यावरील उपाय आहे.

बफिंगच्या मोठ्या कापडी चाकावर मात्र बॉडी केवळ दोन हातांनी धरली जाते आणि संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत धोक्याचा टप्पा हाच आहे. चाकाचा समोरचा भाग कारागिराच्या दिशेने वरून खाली फिरतो. बॉडीची वरची कड चाकाच्या वाटेत आली, तर चाक ती हिसकावून जमिनीवर आपटते. म्हणून चाकाच्या मध्यरेषेखाली, बॉडीच्या फक्त खालच्या अर्ध्या भागावर काम करतात आणि मग बॉडी फिरवून उरलेला अर्धा भाग घेतात. शिंगे आणि पिकअपच्या पोकळ्यांच्या कडा विशेष धोकादायक असतात. सैल बाह्या, गळ्यातील साखळी आणि हातमोजे या कामात टाळले जातात. काही मोठ्या कारखान्यांनी हे काम यंत्रमानवांकडे सोपवले आहे. तिथेही बॉडी दिसणाऱ्या पृष्ठभागाऐवजी पोकळीतून किंवा खाचेतून धरण्याचेच तत्त्व पाळावे लागते.

भारतीय संदर्भ

फ्रेंच पॉलिशसाठी लागणारी लाख ही लाखेच्या किड्यांपासून मिळते. भारत हा तिच्या प्रमुख उत्पादक देशांपैकी एक असून देशातील उत्पादनात झारखंडचा वाटा मोठा आहे. महाराष्ट्रात मिरज हे सतार आणि तंबोरा यांच्या निर्मितीचे जुने केंद्र आहे. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या वाद्यांत भोपळा, तबली आणि दांडी एकमेकांना कायमची जोडलेली असतात आणि गोल भोपळा कोणत्याही सपाट टेबलावर स्थिर राहत नाही. कारागीर जमिनीवर बसून वाद्य मांडीवर किंवा पायांच्या आधाराने पेलतो आणि काम पुढे सरकेल तसे ते फिरवत राहतो. भोपळ्याखाली कापडाची चुंबळ ठेवल्यास तो गडगडत नाही. फुगीर बॉडीच्या गिटारखाली ठेवली जाणारी वाळूची पिशवी हेच काम करते.